हल स्पीड ही भिंत आहे की नुसता चढ?

खारा_वारा

रविवारी मुंबई बंदरात आमच्या कीलबोटीवर (तळाला जड कील असलेली शिडाची बोट) एक नवा मुलगा आला होता. कप्तानांनी पहिल्या दहा मिनिटांत त्याला हल स्पीडचा, म्हणजे बोटीच्या कमाल वेगाचा, मंत्र दिला: "बोटीची पाण्यालगतची लांबी फुटांत घ्यायची, वर्गमूळ काढायचं, १.३४ नं गुणायचं. तेवढे नॉट, म्हणजे ताशी सागरी मैल. त्यापुढे बोट जात नाही म्हणजे नाही." आमची बोट पाण्यात २० फूट, उत्तर ६ नॉट. पोरानं मान डोलावली.

मला राहवलं नाही. त्याच बंदरात लेझर फिरतात, एका माणसाच्या हलक्या शिडाच्या होड्या. पाण्यातली लांबी साडेबारा फूट, म्हणजे या पाढ्यानं पावणेपाच नॉट. पण वारा पंधराच्या वर गेला आणि तो पाठीमागून तिरका घेतला की लेझर उचलली जाते, खालचा डॅगरबोर्ड (पाण्यात उभी सोडलेली फळी) गुणगुणायला लागतो, मागचं पाणी सुरीनं कापल्यासारखं सुटतं आणि दहा नॉट सहज होतात. मग पावणेपाचाचं काय झालं?

माझं मत: हल स्पीड हा जुन्या जड बोटींचा पाढा आहे. नव्या मुलांना तो निसर्गनियम म्हणून शिकवणं बंद करा.

नाखवा५८

तुमच्या कप्तानांचं बरोबर आहे, आणि तुम्ही उदाहरण चुकीचं दिलंत. लेझर पाण्यावरून घसरते, पाण्यातून जात नाही. कीलबोटीबद्दल बोला.

बोट पाणी ढकलते तशी नाकाशी लाट उठते. वेग वाढला की लाट लांबते. ६ नॉटला ती बरोबर २० फुटी होते. एक शेंडा नाकाशी, दुसरा बुडाशी, म्हणजे मागच्या टोकाशी, मधे खळगा. पुढच्या वेळी कडेवरून वाकून बघा, एरवी पाण्याखाली असणारा रंग मधोमध उघडा पडलेला दिसेल. त्याहून जोर लावलात तर मागचा शेंडा मागे सरकतो, बूड खळग्यात बसतं आणि बोट स्वतःच्याच लाटेवर चढत बसते.

वाचून नाही सांगत. एकदा वारा पडला म्हणून एका मोटरलाँचनं आम्हाला ओढत आणलं. लाँचवाल्याला घरी जायची घाई. आठ नॉटच्या वर गेला असेल. आमचं बूड इतकं बसलं की मागून पाणी आत यायला लागलं, नाक आकाशात, आणि ज्या क्लीटला (दोर अडकवायच्या खुंटीला) दोर बांधला होता तो करकरायला लागला. मी उघडा चाकू घेऊन दोरापाशी बसलो होतो. तेव्हा "जुना पाढा" वगैरे काही सुचलं नाही.

वर्गमूळ

नाखवा, लाटेचं वर्णन चोख. पण त्यातून निघणारा निष्कर्ष मला पटत नाही.

१.३४ हा आकडा बोटीतून आलेलाच नाही, तो पाण्यातून आलाय. खोल पाण्यात अमुक लांबीची लाट अमुक वेगानं धावते, एवढंच तो सांगतो. सूत्रात बोटीची रुंदी आहे का? वजन आहे का? नाही. म्हणजे लाट आणि बोट कधी सारख्या लांबीच्या होतात ते सूत्र सांगतं. त्यानंतर बोट थांबेल, असं ते कुठेच म्हणत नाही. ते आपण आपल्या पदरचं जोडलं.

ज्यांच्या नावानं हे सगळं चालतं त्या विल्यम फ्रूड या इंजिनिअरनी १८६७ च्या सुमारास इंग्लंडमध्ये जहाजांच्या दोन आकारांच्या प्रतिकृती पाण्यात ओढून पाहिल्या, प्रत्येकी ३, ६ आणि १२ फुटी. एक टोकदार, 'रेव्हन'. दुसरी गोलसर, 'स्वॅन'. दोहोंतली कुठलीच सगळ्या वेगांना सरस ठरली नाही. लांबी तीच, आकार बदलला की हिशेब बदलतो, हे तेव्हाच दिसलं होतं.

वल्हेवाला_नाशिक

या धाग्यावर अजून कुणी दत्तू भोकनळचं नाव काढलं नाही? आमच्या चांदवड तालुक्यातला गडी. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये एकेरी स्कलमध्ये (एका माणसाची वल्ह्यांची शर्यती होडी) तेरावा आला, २००० मीटर सात मिनिटांच्या आत.

करा हिशेब. सिंगल स्कल साधारण ८ मीटर, म्हणजे २६ फूट. पाढ्यानं ६.८ नॉट. सात मिनिटांत २००० मीटर म्हणजे सव्वानऊ नॉट! एक माणूस, दोन वल्ही, मोटर नाही, आणि स्कल लेझरसारखी उचललीही जात नाही. ती पाण्यातूनच जाते. भिंत असती तर गड्याचं नाक फुटलं असतं.

कारण साधं आहे. स्कल सुईसारखी बारीक आणि रिकामी १४ किलोची. लाट उठवायला तिच्याकडे अंगच नाही.

खारा_वारा

वल्हेवाला, साष्टांग दंडवत. लेझरऐवजी हेच लिहायला हवं होतं.

नाखवा५८

दत्तू भोकनळांबद्दल आदर आहेच. आता त्या सुईवर डोलकाठी रोवा, शीड चढवा आणि धक्क्यापासून दहा फूट जाऊन दाखवा. उलटेल! शिडाच्या बोटीला वारा आडवा पाडतो. उभं राहायला रुंदी तरी हवी नाहीतर तळाला शिसं तरी हवं. दोन्ही आलं की वजन आलं, वजन आलं की लाट आली.

वर्गमूळ

हा मुद्दा मान्य, आणि मला वाटतं खरी गोम इथेच आहे. शीड वाढवून ताकद वाढवता येते, पण एका मर्यादेपर्यंतच. पुढे बोट इतकी कलते की वारा शिडावरून निसटतो आणि रीफ घ्यावी, म्हणजे शीड गुंडाळून लहान करावं लागतं. म्हणजे एका बाजूला प्रतिकार झपाट्यानं चढतो आणि दुसऱ्या बाजूला ताकदीला झाकण लागतं. जड कीलबोटीत या दोन्ही गोष्टी नेमक्या ६-७ नॉटच्या आसपास भेटतात, म्हणून ती भिंत वाटते. बोट बारीक केली की चढ सौम्य होतो. मग उभं राहायला दोन सुया एकमेकींपासून लांब ठेवून जोडायच्या, झाला कॅटामरान. हॉबी १६ हा छोटा कॅटामरान. ती पाढ्यानं साडेपाचच्या आत बसायला हवी. ज्यांनी चालवलीय त्यांना विचारा.

खारा_वारा

आणि २०१२ मध्ये नामिबियाच्या वॉल्व्हिस बे इथे पॉल लार्सननी सेलरॉकेट २ या शिडाच्या बोटीवर ५०० मीटरला सरासरी ६५.४५ नॉट काढले, ते?

नाखवा५८

ते फॉइलवर, म्हणजे बोटीला उचलून धरणाऱ्या पाण्यातल्या पंखावर. बोट पाण्यात होतीच कुठे? शिवाय ५०० मीटर. तिच्यावर चहा करता येतो का?

मी सांगतो ती बोट ऐका. 'सुहेली', आपल्या मुंबईत बांधलेली, सागवानी, ३२ फुटी, पाण्यात २८. हल स्पीड ७ नॉट. १९६८-६९ मध्ये रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन तिच्यात एकटे, न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करून आले. ३१२ दिवस, सुमारे ३०,००० सागरी मैल. काढा सरासरी: ४ नॉट. सातची भिंत राहिली दूर, माणसाला दहा महिने चारच मिळाले. धान्य, पाणी, हत्यारं, सगळा संसार बोटीत घेऊन निघालात की तुमची सुई होत नाही. त्या माणसाला वर्गमूळ शिकवा, त्याच्या कामाचं आहे.

वर्गमूळ

म्हणजे मर्यादा लांबीची नाही, संसाराची. हे चालेल मला.

पाचवा_गडी

इतका काथ्याकूट कशाला? मागच्या पौर्णिमेला आमची २४ फुटी जड कीलबोट साडेआठ नॉट गेली. मोबाइलवर जीपीएसचा स्क्रीनशॉट आहे. विषय संपला.

नाखवा५८

पौर्णिमेला? किती वाजता? कुठल्या दिशेला?

पाचवा_गडी

दुपारी तीनच्या सुमारास. बंदरातून बाहेर, प्रोंग्सच्या दीपगृहाच्या दिशेनं. का?

नाखवा५८

उधाणाची ओहोटी होती, गडीबाबा, पाणी जोरात बाहेर जात होतं. दोन-अडीच नॉट समुद्रानं दिले. जीपीएस जमिनीवरचा वेग दाखवतो, पाण्यातला नाही. परत येतानाचा स्क्रीनशॉट टाका.

पाचवा_गडी

परत येताना बॅटरी संपली होती.

खारा_वारा

😀 ठरलं. पावसाळा संपला की भांगाच्या दिवशी (भरती-ओहोटी सर्वात कमी असते तेव्हा), भरतीच्या अगदी टोकाला, पाणी थबकलेलं असताना मोजू. तीच रेघ जाताना एकदा, येताना एकदा. फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत मी आणतो. नाखवा, तुम्ही सुकाणू धरा. चाकू नका आणू.