नुसते व्हिडिओ पाहून नजर तयार होत नाही
'भरपूर व्हिडिओ पाहिले की गिळण्याच्या तपासणीची नजर आपोआप येते' हे मत मला अर्धंच पटतं. या तपासणीत रुग्ण बेरियम (एक्स-रेमध्ये दिसणारा पदार्थ) गिळतो आणि त्याचा एक्स-रे व्हिडिओ घेतात. घशातला टप्पा जेमतेम सेकंदभराचा. नेहमीच्या वेगात नवख्याला फक्त बेरियम खाली गेलेलं दिसतं. फ्रेम थांबवत पाहायला लावा. बेरियम स्वरतंतूंच्या वरच राहिलं की खाली उतरलं? उतरल्यावर रुग्ण खोकला का? १९९६ सालची १ ते ८ गुणांची पेनिट्रेशन-अ‍ॅस्पिरेशन श्रेणी (गिळलेलं श्वासमार्गात किती खोल गेलं ते मोजणारी) हेच विचारते. खाली उतरलं आणि बाहेर टाकायची काही धडपडच नाही, तर थेट ८, म्हणजे सगळ्यात वाईट. (इथे मीही सुरुवातीला चुकायचे.) पण नुसता आकडा लिहून आणणाऱ्याला मी परत पाठवते: स्वरयंत्र उशिरा मिटलं की जिभेचा मागचा भाग जोरात कमी पडला, ते आधी सांग.