ग्राउंडवर जायचीच लाज वाटते, काय करू?

लातूरची_पोर:
पुण्यात एमएस्सी करतेय, हॉस्टेलला राहते. शाळेत पीटीचा तास म्हणजे गणिताच्या सरांचा जादा तास, आणि घरी पण खेळून काय मिळणारे हेच. आता दोन जिने चढले की दम लागतो. व्यायाम करावा हे कळतं हो, पण संध्याकाळी ग्राउंडवर गेलं की सगळ्या पोरी सराईत, माझ्या रॅकेटला शटलच लागत नाही आणि कडेला बसलेली पोरं हसतात (माझ्यावर नसतीलही, पण वाटतं तसं), मग मी आपली रूमवर परत. अजून कुणाचं असं होतं का?

टेकडीकर:
बॅडमिंटन राहू दे. सकाळी हनुमान टेकडीला जा, फर्ग्युसनच्या मागची. तिथं कोणी कोणाकडे बघत नाय. साडीवर स्पोर्ट शूज घातलेल्या काकू गप्पा मारत मारत तुला मागे टाकतील. फक्त अंधारात एकटी नको जाऊ, रूममेटला उठव.

एमपीएडवाला:
माझा अभ्यासाचाच विषय आहे म्हणून जरा लांबड लावतो. बांडुरा म्हणून मानसशास्त्रज्ञ होता, त्याने 1977 मध्ये मांडलं की "मला हे जमेल" असं वाटायला चार गोष्टी लागतात, स्वतः थोडं करून जमलेलं असणं, आपल्यासारख्याच कुणाला तरी जमताना बघणं, कुणीतरी पाठ थोपटणं, आणि दम लागला धडधडलं की आपण त्याचा काय अर्थ लावतो ते. तू बघतेस सराईत पोरींकडे आणि दम लागला की म्हणतेस आपल्याला जमत नाही, अगं नवीन माणसाला दम लागणारच ना. कॉन्फिडन्स आला की जाऊ म्हणत बसलीस तर डिग्री संपेल. डब्ल्यूएचओ आठवड्याला किमान 150 मिनिटं सांगते, त्यात भरभर चालणंही धरतात.

खोखो_वेडी:
सगळं तिच्याच डोक्यात आहे असं नका बोलू राव. 2022 च्या आकड्यांत भारतातल्या जवळपास 57 टक्के बायका पुरेशी हालचाल करत नव्हत्या, पुरुष 42 टक्के, मग हा फरक काय नुसत्या कॉन्फिडन्सचा? ग्राउंडवर क्रिकेटवाल्यांचा कब्जा, हॉस्टेलच्या गेटची वेळ, चेंजिंग रूमच्या दाराला कडी नाही. आम्ही सकाळचा एक तास फक्त मुलींना द्या म्हणून अर्ज केला, भरपूर टोलवाटोलवी झाली पण मिळाला, आणि ज्या पोरी कधी मेसच्या पुढं दिसल्या नव्हत्या त्या खो-खोला यायला लागल्या.

लातूरची_पोर:
अय्या खो-खो तर मला येतो! सहावी-सातवीत सूर मारून आउट करायचे. अर्ज कुणाच्या नावे दिला, जिमखान्याच्या की रेक्टरच्या?

खोखो_वेडी:
दोघांच्या. सह्या भरपूर घे आणि पोच घेतल्याशिवाय ऑफिसातून हलू नकोस.