लिनिया टी-जेट : आधी स्प्रिंग बदलू की बुश?

साताऱ्याचा_टीजेट

नमस्कार मंडळी,

माझी 2012 ची फियाट लिनिया टी-जेट, टर्बो पेट्रोल सेडान. पहिल्या दिवसापासून माझ्याकडेच आहे, आता 1,18,000 किलोमीटर झालेत. इंजिनाबद्दल काही तक्रार नाही. 1368 सीसी, 114 पीएस, आणि टर्बोने दम धरला की पसरणीच्या चढावर तिसऱ्या गिअरमध्ये अजूनही पहिल्यासारखीच ओढते. प्रश्न खालच्या अंगाचा आहे.

गेल्या पावसाळ्यापासून तीन गोष्टी जाणवतात. स्पीडब्रेकरवरून पुढची चाकं उतरताना डावीकडून ‘खट्’ असा एकच आवाज येतो. साठ-सत्तरच्या वेगात जोरात ब्रेक दाबला की गाडी किंचित डावीकडे सरकते, ब्रेक सोडला की सरळ होते. आणि पुण्याहून येताना खंबाटकीच्या वळणांत स्टिअरिंग फिरवल्यावर गाडी आधी झुकते, क्षणभर थांबते आणि मग वळते. पूर्वी हे सगळं एकाच दमात व्हायचं. ते परत हवंय.

पुण्यात एका दुकानात दाखवली. त्यांनी 35 मिमी खाली बसवणाऱ्या स्प्रिंगा आणि सस्पेन्शनच्या सगळ्या सांध्यांत रबराऐवजी पॉलीयुरेथेनचे (कडक प्लास्टिकसारखे) बुश सुचवले. शॉकप आहेत तेच चालतील म्हणाले. इथल्या एका मेकॅनिकचं म्हणणं, एवढा खर्च कशाला, आहे त्याच स्प्रिंगचा एक वेढा कापू.

एक गोष्ट सांगायला हवी. वडिलांच्या मणक्याचं ऑपरेशन झालंय. दर महिन्याला त्यांना मागच्या सीटवर बसवून पुण्याला दाखवायला नेतो. गाडी वळणात घट्ट हवी, पण त्यांना धक्का बसता कामा नये. कुठून सुरुवात करू?

वळणवाट

दादा, वेढा अजिबात कापू नका. स्प्रिंगचे सहा वेढे काम करत असतील आणि एक कापला, तर उरलेली स्प्रिंग 20 टक्के कडक होते आणि गाडी खालीही बसते. शिवाय कापलेलं टोक खालच्या वाटीत नीट बसत नाही. चाक पूर्ण लटकलं की स्प्रिंग जागेवरून फिरते.

35 मिमीच्या स्प्रिंगा मी माझ्या आधीच्या सेडानला टाकल्या होत्या. दिसायला फार सुंदर दिसायची. पण चाक वर जायला जी जागा असते तीच कमी होते हो. समजा बंप स्टॉपपर्यंत (चाक वर जाताना शेवटी अडवणारं रबर) 70 मिमी जागा होती, तर राहिली 35. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाने गोल गतिरोधक 3.7 मीटर रुंद आणि 10 सेंटीमीटर उंच असायला हवा. आमच्या तालुक्यात एवढा रुंद एकही नाही, सगळे हातभर रुंद आणि टोकदार. प्रत्येकावर गाडी रबरावर आदळायची. आई मागे बसायची बंद झाली, तेव्हा काढून टाकल्या.

भोसरी_रबर

मी भोसरी एमआयडीसीत बावीस वर्षं रबर मोल्डिंगच्या कामात आहे. इंजिन माउंट आणि सस्पेन्शनचे बुश हेच माझं रोजचं काम. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमच्या तीनपैकी दोन खुणा तरी स्प्रिंगच्या नाहीत. लोअर आर्मला, म्हणजे चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या खालच्या दांड्याला, दोन बुश असतात. पुढचा लहान बुश वळणातला आडवा जोर घेतो, मागचा मोठा बुश ब्रेकचा जोर घेतो. मागचा फाटला की ब्रेक दाबल्यावर ते चाक थोडं मागे सरकतं, त्याची दिशा बदलते आणि गाडी त्या बाजूला जाते. ब्रेक सोडला की चाक परत जागेवर. तुम्ही अगदी हेच लिहिलंय. ‘खट्’ आवाज लिंक रॉडचा किंवा स्ट्रटच्या (स्प्रिंग आणि शॉकप एकत्र असलेला खांब) वरच्या माउंटिंगचाही असू शकतो, ते बघून घ्या. पण ब्रेकची खूण मात्र बुशकडेच बोट दाखवते. त्या बाजूचा कॅलिपर (ब्रेक पॅड दाबणारा भाग) अडकत नाही ना, एवढी खात्री तेवढी आधी करा.

आता बुश म्हणजे काय ते समजून घ्या. बाहेर लोखंडी कडी, आत लोखंडी नळी आणि मधे रबर. रबर दोन्हीकडे धातूला चिकटवलेलं असतं, नुसतं दाबून बसवलेलं नसतं. आर्म वरखाली होतो तेव्हा काहीच घसरत नाही, रबर पिळलं जातं आणि सुटतं. म्हणून त्याला ग्रीस लागत नाही, आवाजही येत नाही.

यातून सगळ्यात महत्त्वाची गोष्ट निघते आणि निम्म्या गॅरेजांत तीच चुकते. आडव्या बोल्टाचा बुश गाडी जॅकवर, चाक लटकलेलं असताना कधीही कसायचा नाही. समजा आर्म 350 मिमी लांब आहे आणि लटकल्यावर त्याचं टोक 90 मिमी खाली येतं. तो कोन झाला जवळपास 15 अंश. तिथे बोल्ट कसला की आतली नळी तिथेच जखडते. मग गाडी खाली उतरवली की रबर उभ्या गाडीतही 15 अंश पिळलेलंच राहतं. खड्ड्यात त्याच्यावर आणखी पीळ पडतो. असा बुश वर्षभरात फाटतो आणि लोक म्हणतात, माल हलका होता. नाही हो! आम्ही जीव ओतून बनवलेला माल असतो तो. बोल्ट हाताने लावा, गाडी चाकांवर उभी करा, दोनदा दाबून हलवा, मग पिटमधून टॉर्क पान्याने कसा.

दुसरी गोष्ट, वॉशिंग सेंटरवर गाडीच्या पोटाला डिझेलचा किंवा जुन्या ऑइलचा फवारा मारतात, तो मारू देऊ नका. नैसर्गिक रबर तेल पितं, फुगतं आणि मऊ पडतं. चमक दिसते दोन दिवस, बुशचं आयुष्य जातं.

पॉलीयुरेथेन वाईट नाही. पण ते साधारण 80 ते 95 शोअर ए (रबराचा कडकपणा मोजायचं माप) कडक असतं, रबराचे बुश बहुतेक 50 ते 70. शिवाय ते चिकटवलेलं नसतं, नळीवर फिरतं. म्हणजे ग्रीस सुकलं की करकर सुरू. आणि मागच्या बीमच्या, म्हणजे मागची दोन्ही चाकं जोडणाऱ्या आडव्या तुळईच्या, बुशला तर नकोच. तो बुश एकाच दिशेने फिरत नाही, बीम पिळली की तो तिरकाही वाकतो. तिथे कडक पॉली अडतं आणि तो धक्का थेट तुमच्या वडिलांच्या सीटखाली जाईल.

रांजणगाव_2009

लिनियाचं नाव वाचून बरं वाटलं. ती आमच्या रांजणगावच्या प्लँटमध्ये बनायची, मी असेंब्लीला होतो. महागणपतीच्या दर्शनाला गेलो आणि पार्किंगला एखादी दिसली की अजूनही थांबून बघतो.

काकांनी सांगितलंय ते अगदी बरोबर आहे. मी एकच भर घालतो, काही विकत घेण्याआधी मोजा. सपाट फरशीवर गाडी उभी करा, टायरची हवा सारखी ठेवा, आणि चाकाच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंत चारही ठिकाणी टेप लावा. डावं-उजवं 10 मिमीच्या वर वेगळं असेल तर स्प्रिंग बसली आहे किंवा खालचा वेढा तुटला आहे. खालचा वेढा हाताने चाचपून बघा. रंग उडून तिथे गंज धरतो आणि स्प्रिंग बहुधा तिथेच तुटते.

साताऱ्याचा_टीजेट

काका, दादा, मनापासून आभार. रविवारी मोजली. पुढे फरक 3 मिमी. मागे उजवी बाजू 11 मिमी खाली. वेढे शाबूत आहेत. डाव्या लोअर आर्मच्या मागच्या बुशमध्ये टॉमी (लोखंडी पहार) घालून ओढलं, तर रबर अर्ध्याहून जास्त सुटलेलं दिसलं. कॅलिपरच्या पिन मोकळ्या आहेत.

एक शंका उरलीच. खाली बसवलेली गाडी वळणात कमी झुकते, हे तरी खरं ना?

भोसरी_रबर

स्प्रिंग कडक असते म्हणून कमी झुकते, खाली बसल्यामुळे नव्हे. तुमच्यासारख्या मॅकफर्सन स्ट्रटच्या गाडीत उलटही होतं. गाडी खाली आली की लोअर आर्म आडवा होऊन चाकाकडचं टोक वर उचललं जातं, आणि गाडी ज्या बिंदूभोवती झुकते तो बिंदू तिच्या वजनाच्या केंद्रापेक्षा जास्त खाली उतरतो. दोघांतलं अंतर वाढलं म्हणजे झुकवणारा जोर वाढला. स्प्रिंगचा काही कडकपणा तो भरून काढण्यातच खर्ची पडतो.

आणि कडकपणा वाढवायला फार काही लागत नाही. तारेच्या जाडीचा चौथा घात लागतो. 12 मिमीची तार 13 केली, बाकी सगळं तेच ठेवलं, तरी स्प्रिंग 38 टक्के कडक होते. मग तिला आवरायला शॉकपही तेवढाच जोरदार हवा. 1,18,000 किलोमीटर चाललेला शॉकप आधीच थकलेला आहे, त्याच्यावर कडक स्प्रिंग टाकली की गाडी उसळत राहील. ‘शॉकप तेच चालतील’ हे वाक्य मला मुळीच पटलं नाही.

तुमच्यासाठी क्रम असा : दोन्ही बाजूंचे लोअर आर्म बुश, माउंटिंग आणि बेअरिंग, लिंक रॉड, चारही शॉकप. मागच्या दोन्ही स्प्रिंगा जोडीने, मूळ मापाच्या. मग अलाइनमेंट. त्यानंतर 1,000 किलोमीटर चालवा आणि तरीही झुकाव खुपला तर परत लिहा.

वळणवाट

पुढे कधी उंची बदलायचं ठरवलंच, तर विमा कंपनीला आधी लेखी कळवा. आणि हेडलाइटची उंचीही परत लावून घ्या, बदलते ती.

साताऱ्याचा_टीजेट

सात आठवड्यांनी लिहितोय, कारण काकांनी सांगितलेले 1,000 किलोमीटर पूर्ण व्हायचे होते. मागच्या स्प्रिंगा मिळायलाच तीन आठवडे गेले.

क्रमाने सगळं केलं. बुश रबराचेच, प्रेसवर बसवले. बोल्ट कसताना मी स्वतः पिटमध्ये उतरलो, गाडी चाकांवर उभी होती. मेकॅनिकने आधी का म्हणून विचारलं. मी जुना बुश हातात धरून, पिळून दाखवला. आता तो इतर गाड्यांनाही तसंच करतो.

ब्रेकला गाडी सरळ थांबते. ‘खट्’ गेलं. मागचा फरक 2 मिमीवर आला. खंबाटकीत झुकते अजूनही, पण झुकणं आणि वळणं एकदम होतं, मधली ती थांब नाही. मला हेच हवं होतं. खाली बसवणाऱ्या स्प्रिंगांचा विचार सोडून दिला.

मंगळवारी वडिलांना पुण्याला नेलं. शिरवळच्या पुढे बघतो तर झोपले होते. ऑपरेशननंतर गाडीत ते पहिल्यांदाच झोपले.

काका, काढलेले बुश डब्यात जपून ठेवलेत. डाव्या बुशचं रबर धातूपासून सुटलंय की मधूनच फाटलंय, मला कळत नाही. येत्या शनिवारी पुण्यात आहे. भोसरीला घेऊन येऊ का? कापून बघू.

भोसरी_रबर

या. दुपारी दोननंतर, तेव्हा प्रेस मोकळा असतो.