नदीकाठी घर घ्या म्हणणाऱ्यांनी आधी पूररेषा दाखवावी

वाघूरकाठ
पुण्याहून निवृत्त होऊन परत येणाऱ्या एका भाऊंनी काल विचारलं होतं, की खान्देशात पाणी दिसेल असं घर कुठे घ्यावं. त्यावर एका सदस्याने लिहिलं, 'तापी-गिरणेकाठी डोळे झाकून प्लॉट घ्या, धरणं झाली, आता पुराची भीती उरली नाही.' हे वाचून राहवलं नाही, म्हणून वेगळा धागा काढतोय.

तापीवरच्या हतनूर धरणाला 41 दरवाजे कशासाठी आहेत मग? वरून पाणी आलं की ते पुढे सोडावंच लागतं, आणि गाळामुळे धरणातली जागा कमी होत चाललीय. तापी येते बैतुलकडून, पूर्णा येते विदर्भातून, दोघी चांगदेवला भेटतात. त्यामुळे भुसावळात कोरडं ऊन असतानाही नदी दुथडी वाहू शकते. आपल्याकडे पाऊस नाही म्हणून निवांत झोपणाऱ्याला हे कोण सांगणार?

आणि मोठ्या नद्याच कशाला? ऑगस्ट 2021 अखेरीस चाळीसगावात तितूर आणि डोंगरी शहरात घुसल्या. उन्हाळ्यात ज्यांच्या पात्रातून चप्पल न भिजवता पलीकडे जाता येतं, अशा या नद्या. माझी मावसबहीण तिथे राहते. पाणी ओसरल्यावर गेलो, तर कोठीतली दादर ज्वारी फुगून झाकण वर आलेलं, शिलाई मशीन पायट्यापर्यंत गाळात, आणि देवघराच्या भिंतीवर पाण्याची रेघ माझ्या छातीइतकी.

पूररेषा दोन असतात. निळी रेषा म्हणजे साधारण 25 वर्षांतून एकदा येणारा पूर, लाल म्हणजे 100 वर्षांतून एकदा येणारा. निळ्याच्या आत बांधकाम नको, निळ्या-लालच्या मध्ये अटींवर. हा साधा नियम प्लॉट विकणारा सांगत नाही. रंगीत नकाशात बाग, मंदिर, जॉगिंग ट्रॅक सगळं असतं, फक्त या दोन रेषा नसतात.

प्रकाशेकर
तो सदस्य मीच. 'डोळे झाकून' हे बोलण्याच्या ओघात आलं, त्यावर एवढा थयथयाट कशाला? आमच्या तापीकाठच्या प्रकाशा गावाला उत्खननात ताम्रपाषाणयुगातली वस्ती सापडली. बहाळ आणि टेकवाडे गिरणेच्या काठावर समोरासमोर, तिथेही तेच. हजारो वर्षं माणूस इथे नदीकाठीच राहिला, तो काय अडाणी होता?

आता बॅरेजमुळे, म्हणजे नदीवरच्या दरवाजांच्या बंधाऱ्यामुळे, पाणी थांबतं. मे महिन्यात जळगाव 45 अंशांवर भाजत असतं, तेव्हा संध्याकाळी घाटावर येऊन बसा, वारा काय असतो ते कळेल. माझ्या आईचं गुडघ्याचं दुखणं, वडील गेल्यानंतरचा एकटेपणा, सगळं तिने त्या घाटावर बसून काढलं. त्याची किंमत कुठल्या रेषेत मोजणार?

वाघूरकाठ
दादा, आईंबद्दल आदर आहे. पण प्रकाशाची ती जुनी वस्ती उंच टेकाडावर होती, हेही सांगा की. जुनं माणूस नदीकाठी राहिलं ते उंचावर. तुम्ही ज्या प्लॉटची भलामण करताय ते काल-परवापर्यंत मळईचं, म्हणजे नदीच्या गाळाचं, रान होतं, टरबुजं लावायचे तिथे.

गिरणामाय
पुराचं सोडा, काठ तरी जागेवर राहणार आहे का? आमच्याकडे रात्री अकरानंतर ट्रॅक्टर सुरू होतात ते पहाटेपर्यंत. पात्रात माणूस उभा बुडेल एवढे खड्डे. वाळू गेली की पाणी धरायला पात्रात काही उरत नाही. आमची विहीर पूर्वी अक्षय तृतीयेपर्यंत पुरायची, आता होळीलाच तळ दिसतो. वरचा काठ खालून पोखरला जाऊन ढासळतो. चुलत्यांच्या शेताचा बांध लिंबाच्या झाडासकट नदीत गेला. नदीकाठी घर घेणाऱ्याने रात्री येऊन एकदा तो आवाज ऐकावा.

बांधकामवाला_पाचोरा
वाळूवर सगळेच बोलतात. ताई, तुमच्या घराचा स्लॅब कशाचा आहे? सरकारच्या 2023 च्या वाळू धोरणात 600 रुपये ब्रास (ब्रास म्हणजे शंभर घनफूट) सांगितली होती, मी सरकारी वाळू डेपोवर चकरा मारून थकलो. गरिबाचं घरकुल मंजूर होतं आणि वाळूपायी अर्धवट उभं राहतं. वाळू काढणारा तेवढा चोर आणि वापरणारा साव, हे मला पटत नाही.

गिरणामाय
घरकुलाच्या नावाखाली शंभर ट्रॅक्टर शहरातल्या टॉवरला जातात, भाऊ. घरकुलवाल्याला पाच ब्रास द्यायला कुणाची ना नाही. आणि पावसाळ्यात उपशाला बंदी असते, तेव्हाही ट्रॅक्टर थांबत नाहीत, त्याचं काय? कुणी अडवलं तर अंगावर ट्रॅक्टर घालतात. आमच्या पोलीस पाटलांनी एकदा अडवला, त्यानंतर त्यांच्या घरचे महिनाभर जिवाला घाबरून होते.

बांधकामवाला_पाचोरा
क्रश सँड, म्हणजे दगड फोडून केलेली वाळू, वापरा म्हणून मीच ग्राहकाला सांगतो. प्लास्टरला लोकांना नदीचीच हवी, नाहीतर भिंतीला तडा गेला की शिव्या मला. तडा जातो काळ्या मातीमुळे, पाया नीट खोल न घेतल्यामुळे, पण ऐकतो कोण.

धुळ्याचा_आबा
तुम्ही सगळे वाळूत रुतलात. मी पांझरेकाठी वाढलो. आमच्याकडे फड पद्धत होती, बंधाऱ्याचं पाणी पाटाने फडाला म्हणजे शेतांच्या गटाला, कुणाच्या फडात कोणतं पीक ते सगळ्यांनी मिळून ठरवायचं. नदी कुठवर येते हे पाणी वाटणाऱ्या पाटकऱ्याला तोंडपाठ. आता नदी कुठवर येते हे घर बांधून झाल्यावर कळतं. ऑगस्ट 2019 ला अक्कलपाडा धरणातून पाणी सोडलं तेव्हा धुळ्यात काय झालं ते बघितलंय मी. लोक मोबाईल घेऊन पुलावर पूर बघायला उभे होते, त्यांना हाकलता हाकलता पोलिसांच्या नाकी नऊ आले. प्रकाशेकर, तुमनं म्हननं अर्धं खरं शे. वारा छान असतो. पण डासही असतात, आणि गावाचं गटारही त्याच पाण्यात येतं.

बुडीतवाले
पाणी दिसणारं घर हवं म्हणे. आमचं घर धरणाच्या पाण्याखाली आहे. पुनर्वसनात जो प्लॉट मिळाला तिथे पहिली अनेक वर्षं नळाला पाणी नव्हतं, आणि आमच्याच शेतावर साचलेल्या पाण्याकडे बघत माझी आई हंडा घेऊन फिरली. आता त्याच पाण्याच्या काठाला 'लेक व्ह्यू' म्हणून भाव आलाय. आमच्या वडिलांना एकरी काय मिळालं होतं ते विचारा कधीतरी.

प्रकाशेकर
बुडीतवाले दादा, यावर मला बोलायला तोंड नाही. बाकीच्यांना मात्र सांगतो, नदीकाठी राहूच नये असं म्हणाल तर अर्धा खान्देश उठवावा लागेल.

वाघूरकाठ
तसं कोण म्हणतंय? रेषा बघून राहा एवढंच म्हणतोय. त्याला 'हो' म्हणायला इतकं जड का जातंय?

प्रकाशेकर
बरं, हो. रेषा बघा. झालं समाधान? पण ज्या गावाला रेषाच आखलेली नाही तिथे काय बघणार, तेही सांगून टाका. सगळ्या नद्यांवर थोडीच आखल्यात.

वाघूरकाठ
हा मुद्दा मान्य. तिथे गावातल्या म्हाताऱ्यांना विचारायचं. पाणी कुठल्या ओट्याला लागलं, कुठल्या मारुतीच्या पायरीला लागलं, त्यांना अचूक ठाऊक असतं. विकणाऱ्याच्या माणसाला सोबत न नेता विचारायचं.

परतीच्या_वाटेवर
मूळ प्रश्न माझा. बायको काल दिवसभर हा धागा वाचून म्हणतेय, मेहरूण तलावाशी फिरायला जाता येईल अशा अंतरावर जळगावातच फ्लॅट बघू, महारेरा नोंदणी तपासून. मला अजून जमिनीवरचं घर हवंय, अंगणात शेवगा लावता येईल असं. रावेरकडे एक जागा बघितली आहे, गावठाणाला लागून, नदीपासून बरीच वर. सातबारा पाहिला, बिनशेती झालेली आहे. हतनूरच्या फुगवट्याचं पाणी तिथल्या केळीत कुठवर चढतं, हे त्या भागातलं कुणी सांगेल का?

केळीबाग_रावेर
गावाचं नाव व्यक्तिगत निरोपातून कळवा, काका. आमची बाग त्याच पट्ट्यात आहे. खोडांवर गाळाचा पट्टा कुठपर्यंत लागतो ते फोटो पाठवतो. आणि सौदा करायच्या आधी पावसाळ्यात एकदा या, आता डिसेंबरात सगळीच जागा चांगली दिसते.

गिरणामाय
काका, घर बांधाल तेव्हा वाळू कुठून आणणार तेही आधीच ठरवा. पावती मागा.

बांधकामवाला_पाचोरा
मागू द्या ना. पावतीसकट देतो मी. फक्त डेपोवर वाळू असू द्या.