सॅन अँटोनियोची १९८९-९०ची झेप: श्रेय कोणाचे?

सर्व सभासदांस सप्रेम नमस्कार.

एका नवोदित खेळाडूने संघाचे दैव पालटले, असे म्हटले की बहुतेकांना टिम डंकन आठवतो, आणि ते साहजिकच आहे: NBA या अमेरिकेतील बास्केटबॉल लीगमधील सॅन अँटोनियो स्पर्सने १९९६-९७मध्ये ८२पैकी २० सामने जिंकले होते आणि डंकन आल्यावर पुढच्याच हंगामात ५६. तरीही याच संघाचा १९८९-९०चा हंगाम मला अधिक मोलाचा वाटतो. १९९६-९७मध्ये संघाचा प्रमुख खेळाडू डेव्हिड रॉबिन्सन दुखापतींमुळे अवघे ६ सामने खेळला होता, म्हणजे ३६ विजयांच्या त्या वाढीत डंकनच्या आगमनाबरोबर रॉबिन्सनचे परतणेही मिसळलेले आहे. १९८९मध्ये असा कोणी परतणारा नव्हता. लॅरी ब्राउन यांच्यासारखे प्रशिक्षक असूनही आधीच्या हंगामात २१ विजय आणि ६१ पराभव पदरी पडले होते. नवोदित म्हणून रॉबिन्सन आला आणि तेच प्रशिक्षक ५६ सामने जिंकले. ही झेप एका माणसाची आहे, असे मी मानतो.

आपला स्नेहांकित

—

सप्रेम नमस्कार.

डंकनविषयीचा आपला मुद्दा पटला. ‘एका माणसाची’ हे शब्द मात्र पटले नाहीत. त्या उन्हाळ्यात संघच जवळजवळ नव्याने उभा राहिला. मिलवॉकीकडून आलेल्या टेरी कमिंग्जने सामन्यामागे २२हून अधिक गुण केले, ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्या प्रक्रियेत, तिसऱ्या क्रमांकावर शॉन एलियट मिळाला आणि हंगामाच्या मध्यावर मॉरिस चीक्सला न्यूयॉर्ककडे देऊन तरुण रॉड स्ट्रिकलंडला आणले गेले.

रॉबिन्सनचे मोठेपण मी नाकारत नाही. सामन्यामागे २४.३ गुण, १२ रिबाउंड (फेक हुकल्यावर मिळवलेले चेंडू) आणि जवळजवळ ४ ब्लॉक (प्रतिस्पर्ध्याच्या अडवलेल्या फेकी) ही कामगिरी नवोदिताची वाटतच नाही. पण गुणांपेक्षा मला त्याचा बचाव महत्त्वाचा वाटतो, कारण बास्केटपाशी सात फुटांहून उंच आणि तितकाच चपळ माणूस उभा आहे याची खात्री असल्यामुळे बाहेरच्या खेळाडूंना प्रतिस्पर्ध्याच्या अंगावर जाऊन चेंडू हिसकावण्याचे धाडस करता येई. कोणी चुकून मागे पडलाच, तर ती चूक तो सावरून घेई. संघाच्या संयमाचेही श्रेय द्यायला हवे. १९८७च्या ड्राफ्टमधील पहिली निवड त्यांनी अशा तरुणावर खर्च केली, ज्याची नौदलातील दोन वर्षांची सेवा अजून व्हायची होती, आणि पराभवामागून पराभव सोसत ते त्याच्यासाठी थांबले.

आपला नम्र

—

सप्रेम नमस्कार.

आपले म्हणणे वाचल्यावर पोर्टलंडविरुद्धची प्लेऑफमधील, म्हणजे नियमित हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांमधील, मालिका पुन्हा आठवली. डेन्व्हरला ३-० हरवून स्पर्स तेथवर पोहोचले होते आणि पोर्टलंडविरुद्धच्या मालिकेतील प्रत्येक सामना यजमान संघानेच जिंकला. सातवा, निर्णायक सामना पोर्टलंडमध्ये होता आणि तोही जादा वेळेपर्यंत ताणला गेला. अखेरच्या क्षणांत बरोबरी असताना स्ट्रिकलंडने न पाहता डोक्यावरून मागे टाकलेला पास सहकाऱ्यापर्यंत पोहोचलाच नाही, चेंडू पोर्टलंडच्या हाती गेला आणि सामना १०८-१०५ असा निसटला. तो पास आजही मला सलतो. पण संघाला त्या सामन्यापर्यंत आणणाऱ्यांत स्ट्रिकलंडही होता, हे आपल्या पत्रामुळे ध्यानात आले. ‘एका माणसाची’ हे शब्द मी मागे घेतो. पुढे पोर्टलंड थेट अंतिम फेरीत गेले, आणि वर्षभरापूर्वी ६१ सामने हरलेला संघ त्यांच्यापेक्षा ३ गुणांनीच मागे होता.

आपला स्नेहांकित