‘ग्लोबल ऑप्टिमम सापडला’ असं लिहायचा हक्क कुणाला?

राजारामपुरीकर: परवा इथल्या एका कॉलेजात प्रोजेक्टची सादरीकरणं ऐकली. ज्याच्या त्याच्या स्लाइडवर ‘जेनेटिक अल्गोरिदमने (उत्तरं निवडत, एकमेकांत मिसळत पुढं जाणाऱ्या शोधपद्धतीनं) ग्लोबल ऑप्टिमम, म्हणजे सगळ्या शक्य उत्तरांतलं सर्वांत चांगलं उत्तर, काढला’. कशावरून? तर उत्तर सुधारायचं थांबलं, आलेख सपाट झाला! अहो, कुठल्याही लोकल खड्ड्यात, म्हणजे फक्त आसपासच्यांपेक्षा चांगल्या उत्तरात, अडकला तरी आलेख सपाटच होतो. याहून चांगलं उत्तर असूच शकत नाही हे सिद्ध केलेलं नसेल, तर ‘आम्हाला सापडलेलं सर्वांत चांगलं उत्तर’ एवढंच लिहावं.

शिरोली_फाउंड्री: मॅडम, पेपरात ठीक हाय. आमच्यात ओतकामात रायझर (थंड होताना आकसणाऱ्या धातूला भर देणारा साठा) केवढा ठेवायचा याचं सिम्युलेशन करतो. वाळूचा ओलावा सकाळी एक, दुपारी एक. ओतताना तापमान इकडंतिकडं होतंयच. मॉडेलच अंदाजाचं, मग त्याचा तळ कशाला उकरायचा? श्रिंकेज (आकसून पडणारी पोकळी) आलं न्हाई, यील्ड (ओतलेल्यातला कामाचा धातू) वाढलं, विषय संपला.

राजारामपुरीकर: दादा, रायझरपुरतं मान्य. पण लेनर्ड-जोन्स मॉडेलमधले (अणूंमधल्या ओढीचं नि ढकलण्याचं साधं सूत्र) 38 अणू घ्या; सर्वांत कमी ऊर्जेची रचना शोधायची. वीस पृष्ठांच्या आयकोसाहेड्रॉनच्या धर्तीची रचना चटकन सापडते, ऊर्जा (मॉडेलच्या एककात) -173.25. त्याहून खालची आहे -173.93, फरक अर्ध्या टक्क्याहूनही कमी. पण तिथली रचना साफ वेगळी, एफसीसी (घनाच्या कोपऱ्यांवर आणि पृष्ठांच्या मध्यावर अणू असलेल्या) स्फटिकासारखी! तिच्याकडे जाणारी वाट अरुंद, म्हणून ती 1990 च्या दशकात कुठं हाती लागली. इथं ‘जवळपास बरोबर’ म्हणजे चक्क चूक.

एमएस्सी_फिजिक्स: ताई, सिम्युलेटेड अनिलिंगला (‘तापमान’ हळूहळू उतरवत, मधेच वाईट उत्तरंही स्वीकारत शोधायची पद्धत) तर गणिती हमी आहे की!

राजारामपुरीकर: आहे, पण तापमान लॉगरिदमच्या, म्हणजे अतिशय संथ, गतीनं उतरवलं आणि वेळ अमर्याद दिला तर. तुझं सबमिशन कधी आहे?

शिरोली_फाउंड्री: 😂 पण मॅडम, त्या -173.93 च्या खाली काही न्हाई, हे तरी सिद्ध झालंय का?

राजारामपुरीकर: नाही. केंब्रिजच्या क्लस्टर-यादीत (अणूंच्या गटांच्या रचनांची यादी) म्हणूनच ‘संभाव्य’ ग्लोबल मिनिमा, म्हणजे सर्वांत कमी ऊर्जेच्या रचना, असं स्पष्ट लिहिलंय. मी तेवढंच मागतेय.

कळंबा_कोडर: सिद्ध करता येतच नाही असंही नका समजू. 85,900 ठिकाणांचा फिरत्या विक्रेत्याचा प्रश्न (सगळी ठिकाणं फिरून परत यायचा सर्वांत छोटा मार्ग) 2006 मध्ये सुटला, त्याहून छोटा मार्ग नाही या पुराव्यासकट. ब्रांच-अँड-कट पद्धतीनं, म्हणजे प्रश्नाचे भाग पाडत आणि निरुपयोगी भाग छाटत. पण तिथं खालची मर्यादा (उत्तर याहून छोटं असूच शकत नाही, असा आकडा) काढायला प्रश्नाची रचना कामी आली. ब्लॅक-बॉक्स, म्हणजे आतलं सूत्र न दिसणाऱ्या, सिम्युलेशनमध्ये ती कुठून आणणार?

शिरोली_फाउंड्री: तेच म्हणतोय की! आमचं सगळं ब्लॅक-बॉक्सच.

राजारामपुरीकर: मग सीड (यादृच्छिक आकड्यांची सुरुवात) बदलून किती रन घेतले आणि त्यातले किती त्याच उत्तरावर आले, ते छापा. पुरावा नसला तरी वाचणाऱ्याला अंदाज येतो.

शिरोली_फाउंड्री: एक रन रात्रभर चालतोय मॅडम. गिऱ्हाईक सोमवारी पॅटर्न (साचा बनवायचा नमुना) मागतंय.