दहा बाय दहाच्या खोलीत महाग स्पीकर आणण्यात अर्थ आहे का?

मंद्रसप्तक (धागाकर्ता)

घरी संगीत ऐकण्याच्या व्यवस्थेवर पैसे खर्च करणाऱ्यांचा क्रम बहुधा ठरलेला असतो: आधी स्पीकर, मग ॲम्प्लिफायर, मग वायरी, आणि खोलीचा विचार जमलाच तर सर्वांत शेवटी. फ्लॅटमधल्या लहान खोलीपुरता तरी हा क्रम उलटा असावा, असे माझे मत आहे.

माझी खोली दहा फूट लांब, दहा फूट रुंद आणि साडेनऊ फूट उंच आहे. तिच्यात कमरेइतके उंच स्पीकर आणून मी खुर्ची बरोबर मधोमध ठेवली. तबल्याची किनार स्वच्छ ऐकू येई, पण डग्गा इतका पोकळ वाटे, की कोणी पुठ्ठ्यावर बोटे आपटत आहे असा भास व्हावा. आणि त्याच वेळी मागच्या भिंतीला टेकून पलंगावर बसलेली माझी पत्नी डग्गा फार घुमतो अशी तक्रार करीत असे. विक्रेत्याचे निदान असे पडले, की ॲम्प्लिफायरची ताकद कमी पडते. मोठा ॲम्प्लिफायर आणला. दोघांच्याही तक्रारी जशाच्या तशा राहिल्या.

कारण साधे होते. आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३४६ मीटर धरला, तर ३.०५ मीटर अंतरावरच्या दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये सुमारे ५७ हर्ट्झचा स्वर स्थिर तरंग होऊन अडकून राहतो. लांबी आणि रुंदी सारखीच असल्याने हे दोन्ही दिशांना एकाच स्वराला घडते, आणि उंचीचा स्वर ६० हर्ट्झच्या आसपास येत असल्याने तोही त्याच गर्दीत मिसळतो. अशा तरंगाचा दाब भिंतीपाशी सर्वाधिक आणि मधोमध जवळजवळ शून्य असतो. म्हणजे माझी खुर्ची खड्ड्यात होती आणि पलंग शिखरावर. खुर्ची अडीच फूट मागे सरकवल्यावर जो फरक पडला, तो नव्या ॲम्प्लिफायरने पडला नव्हता.

काळी चार

गणित बरोबर आहे, निष्कर्ष मात्र गणिताच्या पुढे धावला आहे. खोलीची सत्ता खालच्या स्वरांवर चालते, वरच्यांवर तितकी नाही. तुमच्या खोलीचे घनफळ सुमारे २७ घनमीटर भरते. तिच्यात आवाज विरण्यास अर्धा सेकंद लागतो असे धरले, तर ध्वनिशास्त्रज्ञ श्रोडर यांच्या सूत्रानुसार खोलीची सत्ता जेथे संपते ती सीमा २७० हर्ट्झच्या आसपास येते. तिच्या वर तरंग इतके दाट होतात, की एकेकाचे वेगळे राज्य उरत नाही, आणि तेथून पुढे मुख्यत्वे स्पीकर समोर काय फेकतो आणि बाजूंना काय फेकतो यावर सारे ठरते.

कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेत फ्लॉइड टूल यांनी स्पीकर पडद्याआड ठेवून, श्रोत्यांना त्यांचे नाव कळू न देता अनेक वर्षे चाचण्या घेतल्या. ज्या स्पीकरचा समोरचा आवाज सपाट असतो आणि बाजूला जाणारा आवाजही त्याच वळणाने हळूहळू उतरत जातो, त्यालाच श्रोते पुन्हा पुन्हा पसंती देतात, असे त्यांतून दिसले. आई स्वयंपाकघरातून बोलो वा जिन्यातून, आपण तिचा आवाज ओळखतो. जिन्याचा घुमारा मन आपोआप वजा करते. भिंतीवरून चार-पाच मिलिसेकंद उशिरा परतणारा आवाज कानाला वेगळा न वाटता मूळ आवाजातच मिसळून जातो, हे हेल्मुट हास यांनी १९४९ च्या प्रबंधात तपासले आहे. तेव्हा वाईट स्पीकर चांगल्या खोलीत नेला तरी तो वाईटच राहतो.

मंद्रसप्तक

२७० हर्ट्झची सीमा मला मान्य आहे. पण आपल्या संगीताचे त्या सीमेखाली काय काय राहते ते पाहावे: डग्ग्याची घुमक, पखवाजाची डावी बाजू, तानपुऱ्याचा खर्ज आणि पुरुष गायकाचे मंद्र सप्तक. मनाने वजा करण्याचे तत्त्व येथे लागू पडत नाही, कारण खड्ड्यात बसलेल्या माणसाच्या कानापर्यंत तो स्वर पोहोचतच नाही. जे ऐकूच आले नाही, ते मन कशातून वजा करणार?

खुंटी

आपण दोघेही दहा वर्षे मागे आहात असे नम्रपणे सुचवतो. मोजमापाचा मायक्रोफोन आज सहज मिळतो, त्याच्यासोबत चालणारे रूम ईक्यू विझार्ड हे सॉफ्टवेअर विनामूल्य आहे, आणि अनेक ॲम्प्लिफायरमध्ये खोलीनुसार आवाज सुधारण्याची सोय आतच असते. एक संध्याकाळ द्यावी, उंचवटे कापावेत, खड्डे भरावेत आणि गाणे ऐकावे. फर्निचर हलवण्याची ही कवायत कशासाठी?

मंद्रसप्तक

उंचवटे कापता येतात, याबद्दल वाद नाही. खड्डे भरता येत नाहीत. बारा डेसिबलचा खड्डा भरायला ॲम्प्लिफायरकडून जवळपास सोळापट शक्ती मागावी लागते, आणि ती शक्ती दिली तरी भिंतीवरून परतणारा आवाजही त्याच प्रमाणात वाढून मूळ आवाजाला पुन्हा पुसून टाकतो. शिवाय ही दुरुस्ती एका खुर्चीपुरती असते. माझ्यासाठी भरलेला खड्डा पलंगावरच्या श्रोत्यासाठी आणखी उंच डोंगर होईल. आमच्या घरात तो प्रयोग मी करणार नाही.

गोधडी

या वादात एक बाजू राहून गेली आहे, ती म्हणजे 'खोली सुधारा' या सल्ल्यावर विश्वास ठेवून फसलेल्यांची. मी दोन वर्षांपूर्वी तिन्ही भिंतींवर जाड पडदे लावले, गालिचा अंथरला आणि कोपऱ्यांत स्पंजचे त्रिकोण चिकटवले. डग्गा पूर्वीइतकाच घुमत राहिला; उलट तानपुऱ्याची जवारी, म्हणजे तारांची ती झणझणती गुंज, नाहीशी झाली, तारा ओल्या कापडाखाली दडपल्यासारख्या बद्द वाजू लागल्या, आणि घर एखाद्या पडीक रेकॉर्डिंग स्टुडिओसारखे दिसू लागले. माणसे ज्या खोलीत झोपतात, जेवतात आणि मुलांचा अभ्यास घेतात, ती खोली स्पीकरच्या सेवेला जुंपावी, हा विचारच मला पटत नाही. धागाकर्त्यांच्या मताचा शेवट माझ्यासारख्यांच्या भिंतींवर होतो.

मंद्रसप्तक

तुमचा अनुभव माझ्या विरोधात जातो असे मला वाटत नाही, पण तुमची तक्रार रास्त आहे. ५७ हर्ट्झच्या तरंगाची लांबी सहा मीटर असते. सच्छिद्र वस्तू आवाज शोषते ती हवेच्या कणांची हालचाल जेथे जास्त असते तेथे, आणि ती जागा भिंतीपासून पाव तरंगावर, म्हणजे येथे दीड मीटरवर येते. भिंतीला चिकटलेल्या पडद्याला त्या तरंगाचा स्पर्शही होत नाही. तो केवळ वरचे स्वर खातो, आणि जवारी तर सारी तेथेच असते. अंड्यांचे ट्रे चिकटवणाऱ्यांचेही असेच होते, फक्त त्यांचा खर्च कमी होतो.

आणखी एक गोष्ट अशी, की यासंबंधीचे बरेचसे सल्ले अमेरिकेतून येतात. तेथील घरांच्या भिंती पुष्कळदा लाकडी चौकटीवर जिप्समचे पत्रे ठोकून केलेल्या असतात. त्या खालच्या स्वरांबरोबर थोड्या थरथरतात आणि त्यातली काही ऊर्जा गिळून टाकतात. आपली विटांची किंवा काँक्रीटची भिंत तसे काही करीत नाही, आलेला सारा आवाज जवळजवळ तसाच परत करते. त्यामुळे तिकडचा उपाय इकडे तितकाच लागू पडेल असे धरू नये.

मी भिंतींवर काहीही लावलेले नाही. भौतिकशास्त्रज्ञ वॉलेस सेबाईन यांनी १८९५ च्या सुमारास हार्वर्डमधले घुमणारे व्याख्यानगृह तपासताना शेजारच्या नाट्यगृहातल्या आसनांच्या गाद्या रात्री वाहून आणल्या आणि किती गाद्यांनी घुमारा किती उतरतो हे मोजले. शोषणाचे त्यांचे माप होते उघडी खिडकी, कारण तिच्यातून गेलेला आवाज परत येत नाही. त्यांच्या सूत्राने माझ्या खोलीचा हिशेब केला, तर नुसत्या टाइल्सच्या रिकाम्या खोलीत घुमारा सुमारे दोन सेकंद टिकतो, आणि शोषण आठ चौरस मीटरइतके झाले की तो अर्ध्या सेकंदावर येतो. पलंगावरची कापसाची गादी, उशा, उघड्या फळ्यांवरची पुस्तके आणि दोन माणसे यांतून त्याचा मोठा भाग आपोआप भरून निघतो. राहिली बाल्कनीची खिडकी. ती उघडली की आवाज बाहेर जातो आणि रिक्षांचा आत येतो, एवढीच अडचण.

काळी चार

आता आपण माझ्या बाजूला बरेच सरकला आहात. वरचे स्वर घरातले सामान सांभाळते, भिंतींना काही लावायचे नाही, आणि प्रश्न केवळ ५७ हर्ट्झचा आहे, असे असेल तर उत्तर स्पीकरच्या निवडीतच आहे. ज्या खोलीत त्या स्वरापाशी तीन तरंगांची गर्दी होते, तेथे चाळीस हर्ट्झपर्यंत उतरणारे उभे स्पीकर आणणे हीच मूळ चूक. मागे छिद्र नसलेले, सत्तर हर्ट्झच्या खाली हळूहळू उतरत जाणारे लहान स्पीकर आणले असते, तर पलंगावरची तक्रार आलीच नसती आणि पैसेही वाचले असते. खोली ओळखायची ती स्पीकर निवडण्यासाठी. 'आधी खोली की आधी स्पीकर' हा वादच मग उरत नाही.

मंद्रसप्तक

पलंगावरची तक्रार आली नसती, हे मी मान्य करतो, आणि उभे स्पीकर घेण्याची घाई झाली हेही. पण माझी तक्रार जास्त आवाजाची नव्हती, कमी आवाजाची होती. लहान स्पीकर तो स्वर आणखी कमी देतील. मधोमध ठेवलेल्या खुर्चीला त्याचा काय उपयोग? रविवारी मित्राचे लहान स्पीकर दोन दिवसांसाठी येत आहेत. मायक्रोफोन आधी खुर्चीपाशी आणि मग पलंगापाशी ठेवून दोन्ही आलेख येथे देईन. खुर्ची मात्र मागेच राहील.